कूलर बंद करून पाहायचा चित्रपट

चित्रपटाचं नाव 'पेतीत मामाँ', म्हणजे 'छोटी आई'. फ्रेंच आहे, 2021 चा, सेलीन सियामा या दिग्दर्शिकेचा. लांबी 72 मिनिटं. मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आमच्या नागपुरातल्या प्रतापनगरच्या घरी सात जणांनी तो मिळून पाहिला, आणि सव्वा तासाच्या त्या चित्रपटावर चहा, मग परत चहा, मग रात्रीची खिचडी लागेपर्यंत बोलणं चाललं. दोनदा आवाज चढले. एकदा तर मावशी पिशवी उचलून निघाली होती, आईने तिला फाटकातून परत आणलं.

चित्रपट कसा आहे हे सांगायचंच आहे. पण तो पाहून एका घरातली माणसं अशी दोन बाजूंना का गेली, तेही सांगायचं आहे, कारण तुमच्याकडेही तसं होण्याचा संभव आहे.

आधी कूलरचं बोलते. त्या दिवशी बाहेर 44 डिग्री होतं. आमच्या हॉलच्या खिडकीला जुना लोखंडी कूलर आहे, वाळ्याच्या ताट्यांचा. तो सुरू असला की टीव्हीचा आवाज चाळीसवर नेऊनही बातम्या धड ऐकू येत नाहीत. या चित्रपटात पार शेवटाकडे जाईपर्यंत पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. आहे ते म्हणजे पायाखालची सुकी पानं, झोपेतल्या माणसाचा श्वास, रात्री घरात होतात ते बारीक आवाज. पहिली दहा मिनिटं आम्ही फक्त चित्रं बघत होतो. सबटायटल्स होती, पण या चित्रपटातलं अर्धं बोलणं शब्दांत नाहीच. शेवटी मी उठून कूलर बंद केला, खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या आणि चित्रपट पहिल्यापासून सुरू केला. भाऊजींच्या, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याच्या, कपाळावरची पहिली आठी तिथेच पडली. पुढे ते जे जे बोलले त्यातला काही भाग त्या उकाड्याचा होता, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. तुम्ही पाहाल तर रात्री दहानंतर पाहा, नाहीतर सरळ दिवाळीपर्यंत थांबा.

हाच चित्रपट का लावला, ते सांगते.

माझी आजी, आईची आई, जानेवारीत गेली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. महाल भागात मामाकडे राहायची, तिच्या सासऱ्यांच्याच वाड्यात. शेवटचे नऊ दिवस ती दवाखान्यात, अतिदक्षता विभागात होती. तिथे लहान मुलांना आत सोडत नव्हते. माझी भाची, भावाची मुलगी, आठ वर्षांची आहे. ती रोज संध्याकाळी बापासोबत गाडीवर बसून यायची आणि खाली पार्किंगजवळच्या बाकावर बसून राहायची. मी वरच्या लोकांना दोनदा विनवलं, पाच मिनिटं तरी सोडा म्हटलं. नियम म्हणजे नियम. आजी गेली त्या सकाळी भाचीला शेजारी नेऊन ठेवलं. आमच्याकडे तीच पद्धत आहे. मोक्षधामला मुलांना नेत नाहीत, आणि घरात माणूस ठेवलेलं असताना मुलं तिथे नकोत असंच सगळे म्हणतात. मीच तिचा हात धरून तिला नेऊन सोडलं. तेराव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आत्या, मोठ्या आजीला मी येते म्हटलंच नाही."

'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे तिला मोठ्या आजीनेच शिकवलेलं. दाराशी उभी राहून ती एकेकाकडून वदवून घ्यायची. कोणी चुकून 'जातो' म्हटलं तर परत आत बोलवायची.

आता चित्रपटाचं पहिलं दृश्य बघा. एक वृद्धाश्रम. आठ वर्षांची नेली एका म्हातारीजवळ बसून तिला शब्दकोडं सोडवायला मदत करते आहे. कोडं झाल्यावर ती उठते आणि निरोपाचा शब्द बोलते. मग पुढच्या खोलीत जाते, तिथल्या बाईंना तेच. मग आणखी एक खोली, तेच. कॅमेरा तिच्या मागेमागे. सगळ्यांना ती मुलगी माहीत आहे, कोणी विचारत नाही की बाई तू आज सगळ्यांचा निरोप का घेतेस. शेवटच्या खोलीत पलंग रिकामा आहे आणि तिची आई सामान आवरते आहे. गेली ती नेलीची आजी. बाकी सगळ्या म्हाताऱ्यांना सांगून झालं, जिला सांगायचं होतं तिला नाही. पुढे ती आईला हे बोलूनही दाखवते, की आपण शेवटचा निरोप नीट घेतला नाही, कारण तो शेवटचा आहे हे कळलंच नव्हतं.

सबटायटल्स इंग्रजीत होती. भाचीला तेवढ्या भराभर वाचता येत नाही, मावशीला वाचायचंच नसतं. म्हणून मी शेजारी बसून एकेक वाक्य मराठीत सांगत होते. त्या फ्रेंच निरोपाच्या शब्दाला पहिल्या खोलीत माझ्या तोंडून सहज "येते" निघालं. दुसऱ्या खोलीत मी सांगायच्या आत भाचीच म्हणाली, "येते." तिसऱ्यातही तिनेच म्हटलं.

आमचे शेजारचे काका पोस्टातून निवृत्त झालेले, कमी बोलतात. 2021 च्या एप्रिलमध्ये नागपुरात करोनाने जे केलं ते इथल्या कोणालाच सांगायला नको. काकू त्याच महिन्यात गेल्या. काकांना त्यांचा चेहराही बघायला मिळाला नव्हता. रिकामा पलंग आला तेव्हा काकांनी हात वर केला, वर्गात करतात तसा, आणि म्हणाले, "ते फिरून सगळ्यांना सांगते ना, तेवढं परत दाखवता का?" मी दाखवलं. हा चित्रपट 2020 च्या शरदात, करोनाच्याच काळात चित्रित झाला आणि 2021 च्या मार्चमध्ये बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. जगभर माणसं न सांगता जात होती ते हे दिवस. ज्याने तो काळ घरात भोगला त्याला हे पहिलं दृश्य वेगळं लागतं, एवढंच सांगते.

पुढची गोष्ट थोडक्यात. आईवडील नेलीला घेऊन आजीच्या घरी जातात, घर रिकामं करायला. घर एका रानाच्या कडेला. एका सकाळी नेली उठते तर आई निघून गेलेली. नेली एकटी खेळत रानात जाते आणि तिला तिच्याच वयाची एक मुलगी दिसते, फांद्या ओढून झोपडी बांधत असलेली. मुलीचं नाव मारियों. नेलीच्या आईचंही नाव मारियोंच. पाऊस येतो, मारियों तिला आपल्या घरी नेते, आणि नेलीला त्या घराच्या खोल्या ओळखीच्या निघतात. हे सांगून मी काही फोडलेलं नाही. चित्रपटही ते फार वेळ झाकून ठेवत नाही.

इथे भाऊजी बिथरले. ते वीज खात्यात अभियंता आहेत आणि कारण कळल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. "हे स्वप्न होऊन राहिलं का? का ती मुलगी मनातल्या मनात करून राहिली? बरं, बापाला दिसते ना ती पोरगी! मग त्याला आपली बायको ओळखू येत नाही?" प्रश्न खोटा नाही. वडिलांना छोटी मारियों खरोखरच भेटते आणि ते तिच्याशी एखाद्या मैत्रिणीशी बोलावं तसं बोलतात. मलाही तिथे क्षणभर अडखळायला झालं. पण मी भाऊजींना म्हटलं, यात कुठे यंत्र नाही, प्रकाशाचा झोत नाही, धूर नाही. एक पोरगी एका पायवाटेने जाते आणि त्याच वाटेने परत येते. दिग्दर्शिकेने दोन्ही घरांसाठी स्टुडिओत एकच घर उभारलं आणि सामान बदलून ते दोनदा वापरलं. रान मात्र खरं आहे, पॅरिसजवळच्या सर्जी गावातलं, जिथे ती स्वतः लहानाची मोठी झाली. भाऊजी म्हणाले, "म्हणजे पैसे वाचवले." त्यावर बहीण जी भडकली ती भडकलीच. पहिला आवाज तिथे चढला.

बहिणीचा राग मला कळतो, कारण ती गाडीच्या दृश्यापासून पुरती विरघळलेली होती. ते दृश्य सांगायलाच हवं. वृद्धाश्रमातून निघाल्यावर आई गाडी चालवते आहे, नेली मागच्या सीटवर. कॅमेरा आईच्या चेहऱ्यावर, बाजूने. नेली विचारते, खाऊ का? मग मागून कुरकुर चावल्याचा आवाज येतो. थोड्या वेळाने सीटच्या मागून एक छोटा हात पुढे येतो, बोटांत कुरकुऱ्यासारखं काहीतरी, आणि आईच्या तोंडाशी थांबतो. आई रस्त्यावरची नजर न काढता खाते. परत हात येतो. परत. मग सरबताचा छोटा खोका येतो, नळी आईच्या ओठांना लागते. ती पिते. मग दोन्ही हात येतात आणि आईच्या गळ्याभोवती बसतात. बस. कोणी रडत नाही, कोणी कोणाला धीर देत नाही. नुकतीच जिची आई गेली त्या बाईला तिची पोर भरवते आहे, आणि आपल्याला त्या पोरीचे फक्त हात दिसतात. क्लेअर मातों यांचा कॅमेरा इथे जागचा हलत नाही. माझी बहीण स्वतः दोन पोरांची आई. आजीच्या सुतकात ती सगळ्यांच्या चहापाण्याचं बघत होती. ती मला म्हणाली, "ताई, मला कोणी विचारलं नव्हतं गं, तू खाल्लं का म्हणून."

भाऊजी तेव्हा तिच्या बाजूलाच बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण नंतर चहा त्यांनीच टाकला.

मावशीचं भांडण वेगळं होतं आणि फार मोठं होतं. तिला मुलीशी, रानाशी, झोपडीशी काही देणंघेणं नव्हतं. तिचं एकच म्हणणं. "ती बाई गेली काहून?" आठ वर्षांची लेक झोपलेली आहे आणि आई न सांगता निघून जाते. "माय मेली म्हणून काय झालं? मेलेल्या माणसापायी जिवंत पोर टाकून जाते का कोणी? आणि तुम्ही तिला चांगलं म्हणून राहिले!" मी तिला समजवायला गेले की मावशी, बापाजवळ सोडून गेली, रस्त्यावर नाही. शिवाय चित्रपट तिला चांगलंही म्हणत नाही, वाईटही म्हणत नाही. त्या घरात तिला श्वास घेता येत नव्हता, ती सोफ्यावर झोपत होती. मावशी म्हणाली, "मग सगळ्यांनाच नाही घेता येत श्वास. आम्ही घेतला ना!" आणि पिशवी उचलली.

मला तेव्हा वाटलं, मावशीला चित्रपट कळला नाही. तसं मी बोलूनही गेले, ते चुकलं माझं. त्याबद्दल पुढे लिहिते.

भाचीची तक्रार आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आली नव्हती. तिला ती आई लहान कशी झाली याची काहीच अडचण नव्हती. ती म्हणाली, "त्या दोघी भांडतच नाहीत. एवढे दिवस खेळल्या, एकदा तरी कट्टी झाली पाहिजे ना." बरोबर आहे तिचं! नेली आणि मारियोंच्या भूमिका जोसेफिन आणि गॅब्रिएल सान्झ या सख्ख्या जुळ्या बहिणींनी केल्या आहेत. दोघी इतक्या सहज वावरतात की अभिनय सुरू आहे हे विसरायला होतं. धिरड्यासारखं काहीतरी करायचा घाट घालून त्या स्वयंपाकघरभर जो पसारा करतात ते बघून भाची पोट धरून हसली. पण खेळात रुसवा नाही, चिडी नाही, माझीच पाळी म्हणून ओढाताण नाही. लहानपण इतकं शहाणं नसतं. त्या दोघी मिळून एक पोलिसी नाटक बसवतात, तो भाग मला लांबला असंही वाटलं. तिथेच एक भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

माझी स्वतःची तक्रार आणखी एक आहे. त्या घरात तिघंच माणसं आहेत. घर रिकामं करायला तिघं! आमचा महालातला वाडा आम्ही मार्चमध्ये रिकामा केला, कारण मामाने तो बिल्डरला दिला. गांधी गेटकडून आत आलात की तिसरी गल्ली. तिथे त्या दिवशी आम्ही चौदा जण होतो. पितळी घंगाळ कोणाचं यावरून मामा आणि मावशी तीन आठवडे बोलत नव्हते. शिसवी झोपाळ्याच्या कड्या एकाने नेल्या, पाट दुसऱ्याने. मरणाचं दुःख आमच्याकडे असं वस्तूवस्तूंतून भांडत बाहेर येतं, आणि त्या भांडणात लहान मुलांकडे कोणी बघत नाही. या चित्रपटात शांतता आहे, कारण त्या घरात काका नाही, आत्या नाही, मामी नाही, कोणाला घंगाळ नको आहे. त्यामुळे सुरुवातीला हे दुःख मला परकं वाटलं, पुस्तकातलं. मग हळूहळू असं वाटलं की आमच्या चौदा जणांच्या गलबल्यात भाची जिथे बसलेली होती, ओसरीच्या पायरीवर एकटी, तिथे एवढीच शांतता असेल. कॅमेरा नेमका त्या पायरीवर नेऊन ठेवलाय.

आई सबंध चित्रपटभर एक शब्द बोलली नाही. मधेच उठून पन्हं घेऊन आली, सांबारवडी आणली, परत बसली. वादाच्या वेळी मावशीला फाटकातून परत आणलं तेवढंच. बाकी गप्प.

भाचीनेच तिला बोलतं केलं. आमच्या आईला ती 'आज्जी' म्हणते. तिने विचारलं, "आज्जी, तू लहान असतानाची मला भेटलीस तर मी तुला ओळखीन का? तेव्हा तुझं नाव काय होतं?" नेलीला आईचं नाव ठाऊक असतं म्हणून ती रानातल्या मुलीकडे चमकून बघते. आमच्याकडे ते जमलं नसतं. आईचं नाव लग्नात बदललं. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि जुनं माहेरी राहिलं. मी आईची मोठी मुलगी, मला ते नाव माहीत होतं, पण कागदोपत्री कळतं तसं. त्या नावाने तिला हाक मारताना मी कोणाला ऐकलेलं नाही. आजीही जावयासमोर नव्या नावानेच बोलवायची.

आई उठली, आतल्या खोलीत गेली आणि रुमालात बांधलेलं काहीतरी घेऊन आली. वाडा रिकामा करताना माजघरातल्या फडताळात, वरच्या फळीवर मागे, तिला ते मिळालं होतं आणि तिने ते घंगाळाच्या भांडणात कोणालाच दाखवलं नव्हतं. भातुकलीतला बंब. पितळेचा, माझ्या अंगठ्याएवढा, खाली राखेची जाळीसुद्धा आहे. त्याच्या पोटावर, भांड्यांवर नाव घालतात तसं, ठिपक्याठिपक्यांनी एक नाव कोरलेलं. चार अक्षरं, त्यातलं शेवटचं जागा न उरल्याने वर सरकलेलं. भाचीने बोट फिरवत अक्षर लावून ते वाचलं, मोठ्याने. आईने "ओ" दिली.

ते नाव इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

आता संगीताबद्दल. पाऊण चित्रपटभर तानपुराही न लागल्यासारखी शांतता आणि मग एकदम, दोघी होडीत बसून तळ्यात जातात तेव्हा, सिंथेसायझरवरचं गाणं लागतं, मुलांच्या आवाजांतलं. भाऊजींना सबंध चित्रपटात तेवढंच आवडलं. बहिणीला ते नकोसं झालं, म्हणाली, कोणीतरी झोपेतून हलवलं. मी पहिल्यांदा बहिणीच्या बाजूने होते. दुसऱ्या दिवशी रात्री एकटीने परत पाहिला तेव्हा भाऊजींच्या बाजूला गेले. त्या पोरींना थोड्या दिवसांत एवढीच एक सहल मिळते. मारियोंचं पायाचं ऑपरेशन ठरलेलं आहे, तिच्या आईसारखं दुखणं मागे लागू नये म्हणून, आणि वेळ संपत आलेली आहे. नेली वडिलांकडे आणखी एक रात्र मागते. वडील म्हणतात, पुढच्या वेळी. ती म्हणते, पुढची वेळ नसणार. आणि तो बाप थांबतो, तिच्याकडे बघतो आणि हो म्हणतो. मोठं माणूस लहान मुलाचं असं बोलणं ऐकून आपला बेत बदलतं, ते मला दवाखान्याच्या त्या पार्किंगमध्ये हवं होतं. तेव्हा गाणं मोठ्याने वाजलं तर वाजू दे.

'काहीच घडत नाही' असं या चित्रपटाबद्दल अनेक जण म्हणतील. माझ्या शाळेतल्या एका सहशिक्षिकेने तर वीस मिनिटांत बंद केला. तिचा राग मी मान्य करते. आपल्याला रडायची जागा दाखवून दिलेली असते, तिथे वाद्यं वाजतात, तिथे आपण रडतो आणि मोकळे होतो. हा चित्रपट ती जागा दाखवत नाही. वडिलांची दाढी करून देताना नेली हसते. वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्या विझल्यावर त्या दोघींना गाणं परत हवं असतं, परत म्हटलं जातं. यातलं कोणतं दुःखाचं दृश्य आणि कोणतं खेळाचं, ते वेगळं काढता येत नाही. ज्याला काढून हवं आहे त्याला हा चित्रपट अर्धवट वाटणार. मला तो या वर्षात पाहिलेल्या सगळ्या चित्रपटांत जवळचा वाटला, आणि आठ वर्षांच्या मुलापासून कोणालाही मी तो दाखवीन. त्यात मारामारी नाही, घाबरवणारं काही नाही. मृत्यू आहे, आणि त्याबद्दल मुलांशी सरळ बोललेलं आहे. इंग्रजी सबटायटल्सवर मुलांना एकटं सोडू नका, शेजारी बसून सांगा. सांगताना आपले शब्द लागतात, आणि कोणता शब्द लावायचा हे मूलच सांगतं.

पत्ता काढून कोणी विचारेल की रान कसलं, तर ते आपल्या सेमिनरी हिल्ससारखं नाही. तिकडे पानं पिवळी होऊन ओली पडतात. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानं पडतात ती तव्याएवढी, आणि पाय पडला की पापडासारखी वाजतात. तरी भाचीने दुसऱ्या रविवारी तिथे जाऊन झोपडी बांधायचा हट्ट धरला. मेच्या उन्हात मी नेलं नाही, पाऊस पडू दे म्हटलं.

आता मावशीचं. आठवड्याने तिचा फोन आला, सकाळी सहाला, ती पूजेच्या आधी करते तेव्हा. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "त्या दिवशी तू म्हणालीस मला समजलं नाही." मी माफी मागायला लागले, तर म्हणाली, "ऐक आधी."

मावशी सहा वर्षांची होती तेव्हा आजीची आई आर्वीला वारली. आजी तिशीची असेल. तार आली, आजी त्याच रात्री आर्वीला निघून गेली आणि सव्वा महिना आली नाही. मावशी सकाळी उठली तर वहिनी नाही. आजीला तिची मुलं 'वहिनी' म्हणायची. एकत्र घर, दीर-नणंदा सगळे वहिनी म्हणायचे, तेच मुलांच्या तोंडी बसलं. आमची आई दहा वर्षांची होती, तिला कोणीतरी सांगितलं असावं. मावशीला कोणीच काही सांगितलं नाही. ती रोज काकूला विचारायची, वहिनी कुठे गेली, आणि काकू म्हणायची, येईल.

"मग आली तेव्हा?" मी विचारलं.

"मी ओसरीवर होते. टांगा थांबला. ती उतरली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सरळ आत चुलीकडे गेली. स्वयंपाक राहिला होता ना."

मग थोडा वेळ तिकडून फक्त घंटी पुसल्याचा आवाज येत होता.

"ती सिनेमातली बाई परत आल्यावर खाली जमिनीवर बसते ना पोरीजवळ," मावशी म्हणाली. "तेवढं मला परत लावून दे. मी रविवारी येते."